तालीम : अभिनयाची आणि आपली

मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांत आमचा रोजचा वावर. या दोन भाषांत काही शब्द असे आहेत की माहेर एक, पण सासरे वेगळी. 'तालीम' हा त्यांपैकी एक. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत तालीम म्हणजे पैलवानांचा आखाडा, आणि नाटकाची तालीम म्हणजे प्रयोगापूर्वीचा सराव. एकाच शब्दात शाळा, आखाडा आणि रंगमंच एकत्र नांदतात. अभिनय शिकवायचा म्हणजे नेमके काय करायचे, याचे निम्मे उत्तर या शब्दातच आहे, असे आता वाटते. शरीर घडवायचे, आवाज घडवायचा आणि त्या दोहोंच्या वाटेने माणसाला स्वतःची ओळख करून द्यायची. हे उत्तर आम्हाला फार उशिरा कळले, आणि कळण्यासाठी एका विद्यार्थिनीला किंमत मोजावी लागली. म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. काही वर्षांपूर्वी आंतरशालेय नाट्यस्पर्धेसाठी मुलींच्या शिक्षणावरची एक एकांकिका बसवली होती. आठवीतली एक मुलगी आईची भूमिका करत होती. दीड महिना आम्ही तिच्या मागे होतो. 'क़ाफ़'चा 'काफ' झाला की थांबवायचे, 'ख़े'चा 'खे' झाला की थांबवायचे. कुठल्या वाक्याला किती पावले चालायचे, यासाठी जमिनीवर खडूने खुणा केल्या होत्या. स्पर्धेच्या दिवशी तिने एकही उच्चार चुकवला नाही, एकही खूण चुकवली नाही. आणि लाकडासारखी उभी राहिली. परीक्षकांचा शेरा आला : उच्चार शुद्ध, अभिनय नाही.

परतीच्या एस.टी.त अंधार पडल्यावर त्याच मुलीने मैत्रिणींच्या आग्रहाखातर सगळ्यांच्या नकला केल्या. परीक्षकांची केली, आमचीही केली. गाडी हसून लोळत होती. मग तिने एकांकिकेतली आईच करून दाखवली, पण आपल्या घरच्या बोलीत. 'कायकू जाना इस्कूलकू, नक्को,' एवढेच म्हणत ती पदराला हात पुसत राहिली. सगळी गाडी गप्प झाली. दीड महिना आम्ही जे शोधत होतो ते एस.टी.च्या मागच्या बाकावर होते. पुढच्या वर्षी तिला नाटकात घ्यायला गेलो तर ती खाली मान घालून म्हणाली, 'मेरेकू उर्दू बोलना आताच नई.'

उर्दू माध्यमात आठ वर्षे काढलेल्या मुलीला आपल्याला उर्दू येत नाही असे वाटायला लावले, ते आम्ही. हे आमचे अपयश होते, तिचे नव्हे. तेव्हापासून अभिनयाच्या शिक्षणाबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो. त्या वाचनातून जे पटले आणि जे पटले नाही, ते येथे मांडत आहोत.

एका पुस्तकाची दोन शकले

अभिनयशिक्षणाची आधुनिक चर्चा रशियाच्या स्तानिस्लावस्कीपासून सुरू होते. १८९८ साली स्थापन झालेल्या मॉस्को आर्ट थिएटरचा हा एक संस्थापक. नट भूमिका 'दाखवतो' की 'जगतो', हा त्याचा आयुष्यभराचा प्रश्न. त्याच्या शिकवणुकीचा पहिला भाग इंग्रजीत १९३६ साली 'ॲन ॲक्टर प्रिपेअर्स' या नावाने आला. कल्पनाशक्ती, एकाग्रता, भावनांची स्मृती, म्हणजे नटाच्या आतली तयारी, हा त्याचा विषय. दुसरा भाग 'बिल्डिंग अ कॅरेक्टर' तेरा वर्षांनी, १९४९ साली आला. चाल, हालचाल, उच्चार, आवाज, लय, म्हणजे बाहेरची तयारी, ही त्यात. लेखकाच्या मनात हे दोन्ही भाग एकाच कामाचे दोन हात होते. मधल्या तेरा वर्षांत जगाने पहिल्या भागालाच संपूर्ण पुस्तक मानले. 'आतून वाटले पाहिजे' हा मंत्र झाला. आतून वाटलेले बाहेर येण्यासाठी रस्ता लागतो, तो अंगाचा आणि गळ्याचा असतो, हे मागे पडले.

आमच्या मते आपल्याकडच्या पुष्कळ अभिनय शिबिरांचा घोळ इथेच आहे. सुट्टीत शहराशहरांतून शिबिरे भरतात. मुलांना झाड व्हायला सांगतात, माकड व्हायला सांगतात, डोळे मिटून 'स्वतःला शोधायला' सांगतात. शेवटच्या दिवशी पालकांसमोर आरडाओरडा करून एक प्रहसन होते आणि प्रमाणपत्र मिळते. स्वतःचा शोध कुठे लागला, हे कोणी विचारत नाही. उलट दुसऱ्या टोकाला आमच्यासारखे शिक्षक. आम्ही बाहेरचे सगळे घोटून घेतो आणि आत कोणी आहे की नाही याची चौकशीच करत नाही. दोन्हीकडे पुस्तकाचे एकच शकल हाती लागले आहे.

शरीर : चालीवरून ओळखलेली आई

पॅरिसमध्ये १९५६ साली जाक लकोक या शिक्षकाने एक नाट्यशाळा काढली. हा मूळचा खेळ आणि व्यायामाचा शिक्षक, म्हणजे मराठी अर्थाने तालमीतलाच माणूस. तो विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर एक निर्विकार मुखवटा चढवत असे. त्यावर हसू नाही, रडू नाही. चेहरा झाकला की नटाची नेहमीची लबाडी संपते. भुवया उडवून, ओठ मुरडून वेळ मारून नेता येत नाही. मग खांदे बोलतात, पाठ बोलते, पाऊल बोलते. माणूस कसा उभा राहतो यातच तो कोण आहे हे दिसू लागते.

हे वाचताना आम्हाला हसू आले, कारण हा धडा आपल्याकडच्या कुठल्याही लहान मुलाला ठाऊक असतो. उरसाच्या गर्दीत पन्नास काळे बुरखे असतात आणि चार वर्षांचे पोर त्यांतून नेमके आपल्या आईकडे धावत जाते. चेहरा दिसत नसतो. ते चालीवरून ओळखते, पिशवी धरण्याच्या पद्धतीवरून ओळखते. शरीराची भाषा वाचण्याची ही तालीम आपल्या मुलांना फुकट मिळालेली आहे. शाळेच्या रंगमंचावर आल्यावर मात्र आपण त्यांना दोन्ही हात सरळ ठेवून प्रेक्षकांकडे तोंड करून उभे करतो.

मुलींच्या बाबतीत शरीर हा शब्द उच्चारताच आपल्या घरांतून कपाळावर आठ्या पडतात, हेही नाकारून चालणार नाही. त्या वेळी आम्हाला जोहरा सहगल यांची आठवण होते. १९१२ साली रोहिल्ला पठाण घराण्यात जन्मलेली ही मुलगी लाहोरच्या पडदानशीन मुलींच्या क्वीन मेरी कॉलेजात शिकली आणि १९३० च्या सुमारास जर्मनीत ड्रेस्डेन येथे मेरी विगमन यांच्या नृत्यशाळेत दाखल झाली. तीन वर्षे तिने तेथे अंगाची तालीम घेतली. पुढे उदय शंकर यांच्या चमूत, नंतर पृथ्वी थिएटर्समध्ये चौदा वर्षे, आणि वार्धक्यात चित्रपटांत त्या वावरल्या. २०१४ साली वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. नव्वदीतही त्या नुसत्या मान वळवून सभागृह ताब्यात घेत, ती कमावलेल्या शरीराची करामत होती. सगळ्या मुली जोहरा सहगल होणार नाहीत, आणि व्हाव्यात असेही नाही. परंतु ताठ उभे राहणे, मोकळा श्वास घेणे, हातांचे काय करायचे हे ठाऊक असणे, याची गरज वर्गात उभे राहून उत्तर देणाऱ्या प्रत्येक मुलीला आहे. मुलाखतीच्या खोलीत शिरणारीलाही आहे आणि पोलीस चौकीवर तक्रार द्यायला जाणारीलाही आहे.

गंमत अशी की हे आम्हाला बी.एड.ला शिकवलेले होते. सूक्ष्म अध्यापनात शिक्षकाने वर्गात हालचाल कशी करावी, हावभाव कसे बदलावेत, आवाजाचा चढउतार कसा साधावा, याचे स्वतंत्र कौशल्य असते. पाच-सहा मिनिटांचा पाठ घ्यायचा, सोबत्यांनी निरीक्षण-पत्रिकेवर खुणा करायच्या. शिक्षकाला शरीर आणि आवाज आहे हे शिक्षणशास्त्राला मान्य आहे. विद्यार्थ्यालाही ते आहेत, ही गोष्ट मात्र त्या पत्रिकेत नव्हती.

आवाज : गळा कोणाचा, भाषा कोणाची

आवाजाबद्दलची दोन पुस्तके अभिनयाच्या जगात प्रमाण मानली जातात. सिसिली बेरी यांचे 'व्हॉइस अँड द ॲक्टर' १९७३ चे आणि क्रिस्टिन लिंकलेटर यांचे 'फ्रीइंग द नॅचरल व्हॉइस' १९७६ चे. बेरी या इंग्लंडच्या रॉयल शेक्सपिअर कंपनीत नटांचा आवाज घडवत. लिंकलेटर यांचे म्हणणे थोडक्यात असे : आवाज बाहेरून आणून बसवायचा नसतो. प्रत्येकाजवळ तो जन्मतःच असतो. तान्हे मूल तासभर रडले तरी त्याचा घसा बसत नाही. पुढे भीती, लाज, 'हळू बोल', 'मोठ्यांसमोर बोलू नकोस' यांच्या गाठी जबड्यात, मानेत, पोटात बसत जातात आणि आवाज आत अडकतो. शिक्षकाने या गाठी सोडवायच्या. त्यासाठी आधी श्वास, मग अंगातला ताण सोडणे, मग आवाजाचा कंप, आणि सर्वांत शेवटी शब्द.

आम्ही आमच्या तालमीचा क्रम आठवून पाहिला. आम्ही शब्दापासून सुरुवात केली होती, आणि तीही चुकीच्या शब्दाला टोकून. म्हणजे गाठ सोडवण्याऐवजी आणखी एक मारली होती.

येथे आपल्या परंपरेचा विचार करणे अगत्याचे आहे, कारण आवाजाची तालीम आपल्याला परकी नाही. मकतबमध्ये जाणारे सहा-सात वर्षांचे मूल तजवीद शिकते. कुठले अक्षर कंठातून, कुठले जिभेच्या मुळातून, कुठले ओठांतून, याला मखरज म्हणतात, हे त्याला माहीत असते. मद्द कुठे ओढायचा, वक्फ कुठे घ्यायचा, श्वास कसा पुरवायचा, हे ते करून दाखवते. तेथे हेतू इबादतीचा आहे, त्याची नाटकाशी गल्लत करू नये. आम्हीही करत नाही. परंतु ज्या मुलाला कंठातला 'ऐन' बिनचूक काढता येतो, त्याला आवाजाचे शास्त्र अवघड आहे असे म्हणणे म्हणजे त्याच्या कष्टांचा अपमान आहे. तीच गोष्ट मर्सियाची. लखनौचे मीर अनीस सुरावटीशिवाय, 'तहतुल लफ्ज़' पद्धतीने मर्सिया पढत, आणि नुसत्या नजरेने, किंचित उचललेल्या हाताने करबलाचे मैदान उभे करत, अशी त्यांची ख्याती आहे. दास्तानगोईत एकटा माणूस बसल्या जागी अख्खे युद्ध सांगे. दिल्लीचे मीर बाकर अली १९२८ साली वारले आणि ती कला विझल्यासारखी झाली. २००५ पासून ती पुन्हा उभी राहिली आहे. हा सारा वारसा बाजूला ठेवून आमच्या शाळांतून अभिनयाच्या नावाखाली चित्रपटातले संवाद पाठ करून घेतले जातात.

मग तलफ्फुज़ सुधारण्यात आमचे चुकले कुठे? या प्रश्नाचे उत्तर आम्हाला पुस्तकात मिळाले नाही. ते हबीब तन्वीर यांच्या वाटचालीत मिळाले.

स्वतःचा शोध : हबीब तन्वीर यांचा उलटा प्रवास

तन्वीर यांचा जन्म १९२३ सालचा, रायपूरचा. वडील मूळचे पेशावरचे. घरची भाषा उर्दू. अलीगढला काही काळ उर्दूचे शिक्षण, मग मुंबई, आकाशवाणी, चित्रपटांसाठी लेखन आणि इप्टा. त्याच काळात त्याच चळवळीच्या मुंबईत बार्शीचे शाहीर अमर शेख गात होते. गिरणगावच्या मैदानावर ध्वनिक्षेपकाची पर्वा न करणारा हा आवाज. आई मुनेरबी यांच्या ओव्या ऐकत हे मेहबूब हुसेन पटेल वाढले, आणि त्यांचा गळा मराठीतच उघडला. मुसलमानाचा आवाज कुठल्या भाषेत मोकळा होईल, हे जनगणनेच्या रकान्यावरून ठरत नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

तन्वीर यांनी १९५४ साली दिल्लीत 'आग्रा बाज़ार' केले. नज़ीर अकबराबादी यांच्या काव्यावरचे हे नाटक. जामिया मिलियाचे विद्यार्थी आणि जवळच्या ओखला गावचे लोक त्यांनी एकाच मंचावर आणले. १९५५ मध्ये ते लंडनच्या राडा या विख्यात नाट्यशाळेत अभिनय शिकायला गेले, आणि अभ्यासक्रम पुरा न करता बाहेर पडले. त्यांचे कारण महत्त्वाचे आहे. आपल्याला पुढे काम करायचे ते आपल्या भाषेत. भाषा बदलली की बोलण्याची लय बदलते, लय बदलली की अंगाची हालचाल बदलते, हालचाल बदलली की माणूसच बदलतो. मग इंग्रजीतल्या वाणीची ही तालीम आपल्या कोणत्या कामाची, असा त्यांचा विचार होता. तेथून ते ब्रिस्टलला दिग्दर्शन शिकायला गेले.

इथपर्यंत कोणीही मान डोलवील. खरा धडा पुढे आहे. परत आल्यावर १९५८ मध्ये त्यांनी 'मिट्टी की गाड़ी' केले. त्यात छत्तीसगढच्या नाचा या लोकनाट्यातले सहा कलावंत होते. १९५९ साली त्यांनी आणि मोनिका मिश्र यांनी 'नया थिएटर' उभे केले. परंतु लंडनमध्ये इंग्रजी नाकारणारे तन्वीर या गावकरी नटांकडून हिंदी वदवून घेत होते, आणि मंचावर कुठून कुठे जायचे याच्या जागा बांधून देत होते. गावात रात्रभर हजारोंना खिळवून ठेवणारे नट दिल्लीच्या मंचावर पांगळे दिसू लागले. तन्वीर यांना हे उमगायला बरीच वर्षे लागली, याची कबुली त्यांनी स्वतः दिली आहे. नाचाचा नट जिकडून दाद येईल तिकडे वळतो, त्याची हालचाल प्रेक्षकाशी चाललेले संभाषण असते. त्याला खुणांवर चालवले की संभाषणच तुटते. आणि हिंदी बोलताना त्याचे निम्मे लक्ष जिभेवर असते, मग भूमिकेला उरते किती?

दोन्ही बंधने त्यांनी सोडली. १९७३ साली रायपूरला नाचा कलावंतांची मोठी कार्यशाळा झाली. त्यातून 'गाँव का नाम ससुराल, मोर नाम दामाद' आले. १९७५ मध्ये छत्तीसगढीतले 'चरणदास चोर' आले आणि १९८२ साली एडिंबराच्या महोत्सवात त्याने फ्रिंज फर्स्ट हा मान मिळवला. छत्तीसगढी न समजणाऱ्यांनी हा मान दिला, ही गोष्ट आमच्यासारख्या 'शुद्ध भाषा' शिकवणाऱ्यांनी दोनदा वाचावी.

हे वाचताना आम्हाला आमच्या खडूच्या खुणा आठवल्या. तन्वीर यांच्यासारख्या माणसाकडून जी चूक झाली तीच आम्ही दीड महिन्यात केली होती : परकी जीभ आणि बांधलेले पाऊल. अभिनयातला 'स्वतःचा शोध' ही डोळे मिटून करायची साधना नव्हे. त्यात पहिला प्रश्न हा की, हा 'स्व' कोणत्या बोलीत राहतो? आमच्या विद्यार्थिनीचा 'स्व' दखनीत राहत होता, 'नक्को'मध्ये राहत होता; आणि हा 'नक्को' मराठीच्या 'नको'चा सख्खा आहे.

दुसरी बाजू : अल्काझींची शिस्त

येथे थांबलो तर हा लेख सोपा होईल, पण खरा होणार नाही. तन्वीर यांच्या नटांना अभिनय आधीच येत होता. पिढ्यान्‌पिढ्यांची तालीम त्यांच्या अंगात होती. तन्वीर यांनी त्यांच्या वाटेतले अडसर काढले. आमची आठवीतली मुलगी घडलेली नटी नव्हे. तिला तिच्या बोलीत मोकळे केले, एवढ्याने शिक्षकाचे काम संपत नाही. बोलीतच ठेवले तर उद्या दाराबाहेरचे जग तिच्यासाठी बंद राहील. तेव्हा या बाजूला इब्राहिम अल्काझी यांना उभे करावे लागते.

अल्काझी १९२५ साली पुण्यात जन्मले. वडील अरबस्तानातून आलेले व्यापारी, घरात अरबी, शाळेत इंग्रजी, गल्लीत मराठी. राडामध्ये त्यांनी शिक्षण पुरे केले. मुंबईत थिएटर युनिट चालवले, विजया मेहता यांच्यासारख्यांना घडवले, आणि १९६२ ते १९७७ या काळात दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे ते संचालक होते. वेळ, स्वच्छता, श्वास, उच्चार, वाचन, चित्रकलेची जाण, सगळे त्यांच्या तालमीत येई. फिरोजशाह कोटला आणि पुराना किल्ल्याच्या भग्न भिंतींसमोर त्यांनी 'अंधा युग' आणि 'तुघलक' केले, तेव्हा उघड्या आभाळाखाली पुरणारा आवाज आणि अंतर कापणारे शरीर नटांजवळ होते, कारण ते घडवले गेले होते. अल्काझी यांचे २०२० साली निधन झाले.

त्यांच्यावर पाश्चात्त्य साच्याचा आरोप होतो आणि तो अगदी निराधार नाही. परंतु त्यांच्याच विद्यालयातून पंजाबी वळणाचे ओम पुरी बाहेर पडले. इंग्रजी येत नाही या न्यूनगंडाने आपण किती पोळलो हे त्यांनी पुढे मोकळेपणी सांगितले. तो खर्जातला आवाज त्यांनी कुठे हरवू दिला नाही, पण तो कमावला मात्र विद्यालयांतच. नसीरुद्दीन शाह हेही तेथलेच. शाह यांच्या २०१४ च्या आत्मचरित्रात पोलंडच्या ग्रोटोव्स्कीकडे शोधाला गेल्याची हकीकत आहे, आणि ती भक्तिभावाने लिहिलेली नाही. नटात भर घालू नका, त्याच्या वाटेतले अडथळे काढा, हे ग्रोटोव्स्कीचे तत्त्व मोलाचे आहे. परंतु गुरूभोवती आरास मांडली गेली की 'स्वतःचा शोध' हा गुरूचाच शोध होऊन बसतो, हे शाह यांच्या अनुभवातून घेण्यासारखे आहे.

तेव्हा आमचा निष्कर्ष असा : तन्वीर की अल्काझी, हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. प्रश्न क्रमाचा आहे. आधी मूल जेथे राहते तेथे शिक्षकाने जायचे. नंतर त्याचा हात धरून त्याला बाहेर आणायचे. आम्ही दाराबाहेर उभे राहून हाका मारत होतो.

पुन्हा शाळेत

त्यानंतर आम्ही तालमीचा क्रम बदलला. पहिले आठ-दहा दिवस संहिता देत नाही. मुले नुसती चालतात : आजीसारखी, रिक्षावाल्या चाचासारखी, पगार न झालेल्या दिवशी घरी येणाऱ्या अब्बांसारखी. मग प्रसंग सांगतो आणि तो ज्याला जसा येतो तसा, ज्याच्या त्याच्या बोलीत करायला सांगतो. कोणी दखनीत करते, कोणी कोकणीत, एकाने तर सरळ मराठीत केले, कारण त्याच्या गल्लीत तीच चालते. भूमिका अंगात उतरली की मग उर्दू संहिता हातात देतो. आता 'क़ाफ़' सुधारला तरी मूल बुजत नाही, कारण आपण कोण आहोत हे त्याला आधी सापडलेले असते. उच्चार दुरुस्त करायचा तोही एकट्याला बाजूला घेऊन, सर्वांसमोर नव्हे.

याने चमत्कार झाला नाही. स्पर्धेत आम्हाला अजून पारितोषिक मिळालेले नाही. एका वर्षी तर संहितेच्या मधोमध दखनी वाक्य राहू दिले म्हणून गुण कापले गेले. काही पालकांना ही 'गावंढळ' भाषा शाळेत नको असते, आणि त्यांची भीतीही खोटी नाही. मुलगा मोठ्या माणसांसारखे बोलावा म्हणून तर ते त्याला शाळेत पाठवतात. त्यांना समजावण्यात आमचा अर्धा वेळ जातो. आणि ज्या मुलीपासून हे सारे सुरू झाले, ती पुन्हा नाटकात आली नाही. दहावीच्या निरोप समारंभात मात्र ती दोन मिनिटे बोलली. निम्मे उर्दूत, निम्मे घरच्या बोलीत. आम्ही टोकले नाही.

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने २००५ सालीच नाट्यकलेला शालेय शिक्षणात स्थान द्यावे असे सुचवले होते. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही कला आणि मातृभाषा या दोन्हींवर भर आहे. कागद आहेत; संहिता नाहीत. म्हणून या वार्षिकाच्या लेखकांना आमची एक विनंती आहे. सोलापूरला १९९० साली मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाची सुरुवात झाली, तेव्हापासून आपल्याकडे कविता पुष्कळ झाली, कथा झाली, आत्मकथने झाली. नाटक फार थोडे झाले. आपल्या घरांत जशी बोलतात तशी बोलणारी पात्रे असलेल्या वीस-पंचवीस मिनिटांच्या एकांकिका आम्हाला लिहून द्या. मराठी, उर्दू, दखनी यांची सरमिसळ झाली तरी चालेल. ती आमच्या घरांतही आहेच. मुले आमच्याकडे आहेत, वर्ग सुटल्यावर रिकामा होणारा एक हॉल आहे. खडू आम्ही आता फळ्यापुरताच ठेवला आहे.